वुता मावशींकडे किल्ली आहे

ही गोष्ट खरी आहे.

ज्या बाईवर हे गुदरलं ती माझी चुलत बहीण, रालित्सा. खोटं सांगून तिला काही मिळणार नाही. उलट कितीतरी महिने तिने हे कुणाला सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं तेव्हाही खोलीचं दार उघडं ठेवून सांगितलं.

भुताची गोष्ट म्हटली की रात्र आलीच. यात रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी, लख्ख उन्हात झालं.

मला त्याचीच जास्त भीती वाटते.

गेल्या वर्षीचा चौदा ऑगस्ट. गुरुवार. बल्गेरियाच्या टोकाला, डॅन्यूबकाठचं आमचं छोटं शहर. दुसऱ्या दिवशी मेरीमातेचा मोठा सण, त्यामुळे ऑफिसातले बाकीचे सकाळीच सटकलेले. औषधांच्या दुकानावरच्या त्या मजल्यावर रालित्सा एकटीच होती. खिडकीबाहेर रस्ता ओस. कुत्रंसुद्धा नाही.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघणारी ही संस्था. कुणाला दुपारचा डबा, कुणाला नर्स, कुणाला नुसता फोन. आमच्याकडची खेडी रिकामी झालीत. पोरं स्पेनला, इटलीला, जर्मनीला. मागे उरलीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

प्रत्येक म्हाताऱ्याचं कॉम्प्युटरमध्ये एक पान असतं. खाली त्याच्या माणसांची नावं आणि नंबर. परदेशातली मुलगी, डॉक्टर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराची किल्ली असलेलं जवळपासचं कुणीतरी. आजी फोन उचलत नसली की त्या माणसाला सांगायचं, जरा डोकावून या.

ही नावं अधूनमधून तपासावी लागतात. ते काम रालित्साचं. नंबर लावायचा, अजून तुम्हीच बघता ना, असं विचारायचं. हो म्हणाले की हिरवी खूण. गाव सोडलं असेल तर नाव बदलायचं. माणूस गेलं असेल तर काढून टाकायचं.

त्सोन्का आजीचं पान उघडलं. गाव दोल्नी ब्र्यास्त. मुलगी स्पेनमध्ये. तिच्याखाली एकच नाव होतं.

वुता. शेजारीण. किल्ली आहे.

रालित्साने नंबर लावला. बराच वेळ वाजला. ती ठेवणार, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी उचलला.

"हॅलो, वुता मावशी का?"

काहीच नाही. नुसता श्वास... आणि मागे कोंबड्यांची कुरकुर.

"मी ऑफिसातून बोलतेय. त्सोन्का आजींच्या संदर्भात..."

"बोल." आवाज म्हातारा, पण ठणठणीत.

"आजींच्या घराची किल्ली अजून तुमच्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडेच. दुसऱ्या कुणाकडे असणार?"

"जाता ना अधूनमधून?"

"अधूनमधून काय, मी इथेच असते. आत्ताच न्हायला घातलं तिला. केस विंचरले. निजलीय आता."

रालित्साला बरं वाटलं. अशी शेजारीण हल्ली कुठे मिळते? ती तसं म्हणालीही.



"तुझं नाव काय गं?"

रालित्साने सांगितलं.

"घरी कोण कोण असतं?"

म्हाताऱ्या बायका हे विचारतातच. रालित्साही सहज बोलून गेली, "नवरा जर्मनीत ट्रक चालवतो. आई आहे, स्टेशनच्या मागे राहते."

"एकटीच?"

"हो, एकटीच असते."

"बरं," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

रालित्साने हिरवी खूण केली.

थोड्या वेळाने मिल्कोदादा रिकामे डबे घेऊन वर आला. तो डब्यांची व्हॅन चालवतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाला विश्रांती नाही.

"काय मॅडम, सणाच्या तोंडावरसुद्धा मेलेल्यांची मोजदाद?"

"मेलेल्यांची नाही, जिवंतांची. आत्ताच वुता मावशींशी बोलले. किती माया आहे त्या बाईला."

"कुठली वुता?"

"त्सोन्का आजींची शेजारीण."

मिल्को हसला. मग हसायचा थांबला.

"माझी फिरकी घेतेस का?"

"फिरकी कशाला घेऊ?"

"अगं, ती गेली. दोन हिवाळे झाले. तिच्या चाळिसाव्या दिवसाचे गोड गहू खाल्लेत मी या हाताने. फाटकावर अजून कागद आहे तिचा."

आमच्याकडे माणूस गेलं की चाळिसाव्या दिवशी गोड गहू वाटतात, आणि त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद फाटकावर चिकटवतात. उन्हापावसाने गळून पडेपर्यंत तो तिथेच राहतो.

रालित्साला वाटलं, सून असेल. फोन तिच्याकडे राहिला असेल. तिने पुन्हा नंबर लावला.

हा नंबर अस्तित्वात नाही.

पुन्हा लावला. तेच. मिल्कोने स्वतःच्या फोनवरून लावून बघितला.

हा नंबर अस्तित्वात नाही...

"मिल्कोदादा, मग त्सोन्का आजींकडे कोण असतं?"

"कुणी नाही." त्याने डबे खाली ठेवले. "पण अंगण झाडलेलं असतं. म्हातारी न्हालेली, वेणी घातलेली. आणि डबा बरेचदा न उघडताच परत येतो. मी म्हटलं, खात असेल काहीतरी. तब्येत तर छान आहे. आपण कशाला नाक खुपसा?"

रालित्साने ते नाव निवडलं आणि काढून टाकलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? तिने हो दाबलं. मेलेल्या बाईचं नाव ठेवून कसं चालेल?

त्या दिवशी आणखी काही झालं नाही.

सण झाला. सोमवारी ती मिल्कोबरोबर दोल्नी ब्र्यास्तला गेली. किल्लीसाठी गावातलं दुसरं कुणीतरी शोधायला हवं होतं.

अंगणात पाचोळा पडला होता. उपाशी कोंबड्या पायांत घुटमळल्या. त्सोन्का आजी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. केस पिंजारलेले, झग्यावर डाग. मिल्कोने डबा पुढे केला, तशी त्यांनी चमच्याचीही वाट पाहिली नाही. डबा तोंडाला लावून सूप प्यायल्या.

"आजी, इतके दिवस कुणीच आलं नाही का?"

"गुरुवारपासून नाही." आजींनी तोंड पुसलं. "आज स्वतः केस विंचरायला गेले. हात वर जाईनात. विसरलेत हात."

"आधी कोण यायचं?"

आजींनी तिच्याकडे नीट बघितलं.

"तूच ना ती, काढून टाकणारी? मला सांगून गेली ती. म्हणाली, ऑफिसातल्या पोरीने मला मोकळं केलं."

मिल्को बाहेर निघून गेला. रालित्सा बसली.

"किल्लीने दार उघडून यायची," आजी म्हणाल्या. "माझी किल्ली तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात होती. त्याच अ‍ॅप्रनमध्ये पुरलं तिला. खिसे कुणी बघितलेच नाहीत."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"पहिल्यांदा बरं वाटलं गं. एकट्या बाईला कोण विचारतं? न्हाऊ घालायची, भरवायची. मग मला अंगणात जाऊ देईना. मुलीचा फोन आला की हीच उचलायची आणि म्हणायची, निजलीय. दोन वर्षं मी पोरीचा आवाज ऐकला नाही. पोरीला वाटायचं, शेजारीण सांभाळतेय, काही काळजी नाही. वुता मेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं." आजींनी डबा खाली ठेवला. "मारत नाही, ओरडत नाही. तिला फक्त कुणीतरी सांभाळायला लागतं. आणि मग त्या माणसाजवळ दुसरं कुणी आलेलं तिला चालत नाही."

मग आजी तिच्याकडे वाकल्या.

"पोरी... तिने तुला घरच्यांबद्दल काही विचारलं का?"

रालित्सा उत्तर देणार, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

आई होती.

"राली, सांगितलं नाहीस गं मला," आई खुशीत होती. "किती छान बाई पाठवलीस."

"कोण बाई?"

"तुझ्या ऑफिसातली. सकाळपासून आहे. आत्ता केस धुतेय माझे. थांब... साबण गेला डोळ्यात..."

फोन बंद.

मिल्कोने व्हॅन कशी हाणली ते त्यालाच माहीत. फाटकातून बाहेर पडताना शेजारी वुताच्या घराकडे रालित्साची नजर गेली. फाटकावरचा कागद उन्हाने पांढरा पडला होता. फोटोत डोक्याचा रुमाल दिसत होता. रुमालाच्या आत चेहरा उरला नव्हता.

येलका काकू, म्हणजे रालित्साची आई, चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट कायमची बंद. एकच जिना. रालित्सा धावत वर गेली. जिन्यात तिला कुणीही भेटलं नाही.

आई खुर्चीत बसली होती. केसांच्या दोन घट्ट वेण्या, शाळकरी मुलीसारख्या. फरशी अजून ओली. टेबलावर चहाचे दोन कप. एक रिकामा, दुसरा भरलेला. त्यातून वाफ येत होती...

"आत्ताच गेली," आई म्हणाली. "जिन्यात नाही भेटली?"

"आत कशी आली ती?"

"किल्लीने. तूच दिलीस ना?"

त्याच संध्याकाळी रालित्साने कुलूप बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन. "बाई येऊन गेली. नव्या किल्लीने दार पटकन उघडतं म्हणाली."

रालित्सा आईकडेच राहायला आली. ती घरात असली की कुणी दिसायचं नाही. पण भर दुपारी मोरीत पाणी ओतल्याचा आवाज यायचा. स्वयंपाकघरात झाडू फिरायचा... सर्र... सर्र... ती उठून गेली की थांबायचा. केर एका कोपऱ्यात गोळा केलेला असायचा.

ते एक वेळ सोसलं असतं. पण आई बदलत चालली होती.

रालित्साने बनित्सा भाजला, आईला सगळ्यात आवडणारी चीजची पेस्ट्री. आईने ताटली हळूच सरकवली. "पोट भरलंय." मैत्रिणीचा फोन आला, घेतला नाही. बाल्कनीत बसायची सवय, तीही सुटली. चेहरा गुबगुबीत, अंग स्वच्छ, नखं कापलेली. आणि डोळ्यांत झोप.

पुढच्या आठवड्यात बुधवारी आई तिला म्हणाली, "तुम्ही दमला असाल. तुम्ही जा आता घरी."

"आई, मला तुम्ही काय म्हणतेस?"

आई नुसती हसली. अनोळखी माणसाकडे बघून हसावं तशी.

शुक्रवारी दुपारी रालित्सा ऑफिसातून लवकर निघाली. दाराला किल्ली लावली. किल्ली फिरेना. आतून दुसरी किल्ली लावलेली होती.

तिने दार ठोकलं. "आई, उघड."

आत पाणी ओतल्याचा आवाज. आईचं हसणं, लहान मुलीसारखं, गुदगुल्या झाल्यासारखं. रालित्साने दोन्ही हातांनी दार बडवलं.

आतलं हसणं थांबलं.

"कोण आलंय गं?" आईने आत कुणाला तरी विचारलं.

आणि तो आवाज... म्हातारा, ठणठणीत...

"कुणी नाही."

रालित्सा जिन्यातच खाली बसली. पोलिसांना काय सांगणार होती? तिने त्सोन्का आजींना फोन लावला. आता आजी स्वतः फोन उचलत होत्या.

"आजी, तुमच्या पानावर मी तिचं नाव परत घालते. तुमच्याकडे येऊ द्या तिला. तुम्हाला तरी सवय आहे. माझ्या आईला ती..."

"नाही."

"आजी, पाया पडते तुमच्या."

"नाही, पोरी. काल माझी मुलगी फोनवर तासभर रडली. पुढच्या महिन्यात न्यायला येतेय. मी वेडीवाकडी का होईना, स्वतःची वेणी घातलीय. मला परत त्या खुर्चीत बसवू नकोस." मग आजींनी आवाज खाली आणला. "ज्याला कुणीच नाही असं कुणीतरी बघ."

रालित्सा ऑफिसात धावली. घामाने निथळत कॉम्प्युटरसमोर बसली. एकेक पान उघडत गेली. याला मुलगा आहे. हिला बहीण आहे. हिची सून रोज येते.

मग गेनो आजोबांचं पान आलं.

टेकडीवरच्या वस्तीत राहणारा शेवटचा माणूस. बायको नाही, मूल नाही, शेजारी नाही. पानाखालची जागा कोरी. रोज सकाळी ऑफिसात फोन करून रालित्साशी भांडायचा. "काय गं, सूपाला मीठ लांबूनच दाखवता वाटतं?" तिने उलट उत्तर दिलं की खूश व्हायचा. त्याला माणसाच्या आवाजाशी भांडायला आवडायचं, आणि त्याला तेवढा एकच आवाज होता.

तिला हे सगळं माहीत होतं.

तरी तिने ते नाव घातलं. वुता. शेजारीण. किल्ली आहे. नंबर ती विसरली होती, पण बोटं थांबली नाहीत. आपोआप पडत गेले आकडे.

घरी आली तेव्हा आईचं दार सताड उघडं होतं. आई मोरीत स्टुलावर बसलेली, ओली, कुडकुडत. अर्धे केस विंचरलेले. उरलेल्या अर्ध्यांत कंगवा अडकून लोंबत होता.

"राली?" आई म्हणाली. "तू कधी आलीस गं?"

रालित्साने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि कितीतरी वेळ तशीच धरून बसली.

गेनो आजोबांचा सकाळचा फोन पुन्हा आला नाही.

पुढच्या आठवड्यात मिल्को डबे घेऊन वर आला. म्हणाला, "म्हातारा सुधारलाय. अंगण चकाचक. दाढी गुळगुळीत. मला आत येऊ दिलं नाही, डबा पायरीवर ठेवायला सांगितला."

"बोलला काही?"

"मी मुद्दाम चिडवलं. म्हटलं, आजोबा, आज सूप खारट आहे हां. तर म्हणाला, चालेल." मिल्कोने तिच्याकडे बघितलं. "गेनो म्हणाला, चालेल. ऐकतेस ना?"

कितीदा तरी रालित्साने गेनो आजोबांचं पान उघडलं. नाव काढायला बोट पुढे व्हायचं, आईचा तो अडकलेला कंगवा डोळ्यांसमोर यायचा आणि हात मागे यायचा.

नाताळच्या आधी तिने नोकरी सोडली. आईला घेऊन ती नवऱ्याकडे जर्मनीला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने मला हे सगळं सांगितलं, कारण तिच्या खुर्चीवर आता मी बसणार होते. "त्या एका नावाला हात लावू नकोस," एवढंच मागितलं तिने. मी शब्द दिला. खरं सांगायचं तर मनातून हसलेही. बिचारी फार थकलीय, असं वाटलं.

गेनो आजोबा गेल्या महिन्यात गेले. म्हातारपणच, डॉक्टर म्हणाले. मिल्कोला सापडले तेव्हा खुर्चीत बसलेले होते. न्हालेले. नखं कापलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

माणूस गेलं की त्याचं पान बंद करावं लागतं. पान बंद केलं की त्याखालची नावंही जातात. कॉम्प्युटर मला रोज आठवण करतो. मी रोज उद्यावर ढकलते. पण नाव ठेवलं तरी तिला सांभाळायला आता तिथे कुणी उरलेलं नाही. साहेब दोनदा रागावून गेले. त्यांना काय सांगू?

माझे वडील गावात एकटेच असतात. मी त्यांना रोज दुपारी फोन करते. काल त्यांनी फोन उचलायला बराच वेळ लावला.

"बाबा, कोण आहे तिकडे?"

"कोण असणार?" ते म्हणाले.

आणि हसले.

माझे वडील फोनवर कधी हसत नाहीत.